कयनानी भाकर

आमच्याकडे भाकरी वाजते. मंगळवेढ्याच्या अलीकडे आमचं गाव, ज्वारीचं रान. कडक भाकरी निखाऱ्यापुढे उभी करून ठेवायची, तिच्यातलं पाणी पार आटेपर्यंत, आणि मग बोटाने टिचकी मारून बघायची. पापडासारखी वाजली की झाली. अशी भाकरी पंधरा दिवस राहते. सातवीतून मी शाळा सोडली त्या उन्हाळ्यात आईने माझी हीच परीक्षा घेतली होती आणि तिच्यात मी पास झाले होते. दुसऱ्या कुठल्या परीक्षेत पास झाल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे आधी सांगून टाकते.

शहाद्याजवळच्या या लोणखेड्याला मी आले ती यांच्या पोटासाठी. हे रस्त्याच्या कामावर खोदाईचं मशीन चालवतात. काम तळोद्याच्या पुढे, डोंगरात. वर्षभर हॉटेलातलं खाऊन पोटात आग पडायला लागली, डॉक्टर म्हणाले घरचं खा, तेव्हा यांनी फोन केला, "येतीस का?" मुलगी दहावीला. तिला माझ्या आईकडे ठेवलं. तिची शाळा मोडायची नाही एवढं एकच मी आयुष्यात पक्कं ठरवलेलं आहे. आणि मी एसटीत बसले.

पण झालं असं की हे डोंगरात आणि मी खोलीत. दहा-बारा दिवसांनी यायचे, दोन दिवस राहायचे, जाताना चाळीस कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि पहिल्या दिवसापुरतं ताक असं बांधून न्यायचे. यांचं पोट निवलं, त्याबद्दल देवाचे उपकार. माझे मात्र मधले दहा दिवस उरायचे. एका माणसाचं पीठ मळताच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. हात आपोआप चार माणसांचं पाणी ओततो. मग ते पीठ सैल होतं, त्यात आणखी पीठ घालायचं, आणि शेवटी दोनाच्या चार भाकऱ्या. एक सकाळी, एक संध्याकाळी दुधात कुस्करून, उरलेल्या दोघी टोपलीत माझ्याकडे बघत बसायच्या. गॅस बंद केला का, हे मी तीनदा बघायचे. बोलायला कोणी नसलं की माणूस गॅसच्या बटणाशी बोलतं.

बोलायचं म्हणजे भाषेचीही पंचाईत. इथे सगळे अहिराणी बोलतात. मला आमचं सोलापूरकडचं बोलायची लाज वाटे, म्हणून मी शाळेच्या पुस्तकातलं मराठी आठवून आठवून बोलायचे. "मला पाव किलो तूरडाळ द्यावी." दुकानदाराने एकदा विचारलं, "मॅडम, कोनत्या शाळेवर शेत तुम्ही?" कोणत्या शाळेवर आहात, असं. मी हो नाही काहीच न बोलता डाळ घेऊन पळाले. घरी येऊन हसले, आणि मग बराच वेळ रडले. सातवी नापासाला मॅडम म्हणणारं हे एकच गाव असेल.

समोरच्या घरात एक म्हातारं जोडपं राहत होतं. शेत ब्राह्मणपुरीला, मुलगा-सून सुरतला, घरात ही दोघं आणि मागे एक म्हैस. त्यांना सगळी गल्ली जिजी आणि आबा म्हणायची. एक दिवस जिजी न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. संध्याकाळी आबा माझ्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात धरलेली.

"ताई, तुम्हाला भाकर येस का? घरमा करनारं कोनी नही."

मला येणारी एकमेव गोष्ट कोणीतरी दारात येऊन मागत होतं. मी पायात चप्पल न घालताच निघाले.

दोन वेळची भाकरी आणि भाजी, प्लास्टर निघेपर्यंत. डॉक्टरांनी दीड महिना सांगितला होता. महिन्याचं काय ते आबांनी ठरवून टाकलं, मी काही बोलले नाही. खरं म्हणजे त्यांनी काही दिलं नसतं तरी मी गेले असते, पण तसं सांगितलं तर वेड्यात काढतील अशी भीती होती.

जिजी पाटावर बसून हात गळ्यात अडकवून मला सांगायच्या. बोलणं फटकळ. "मीठ तठे शे, तेल आठे शे, तोंड तुन्हं तुन्हाजोडे शे. नही समजनं तं इचारी लेवानं." म्हणजे, तोंड तुझ्याजवळ आहे, विचारून घे. पण तेच मला जमत नाही. शाळेतही जमलं नाही. न समजलेलं विचारायचं म्हटलं की छातीत धडधडतं. त्यापेक्षा मी ऐकून ऐकून आपलं आपण जुळवायचे. जुळवता जुळवता मला एक किल्ली सापडली होती. आपल्या 'ळ'चा इथे 'य' होतो. काळ्याला काया म्हणतात, डाळीला दाय, केळ्याला केय. ही किल्ली सापडल्यावर मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. फोनवर मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तू तर भाषेची बाई झालीस."

आणि त्याच किल्लीने मी माती खाल्ली.

पाचव्या की सहाव्या दिवशी जिजी म्हणाल्या, "आज कयनानी भाकर कर व. मांगला डबामा शे." आणि त्या देवपूजेला निघून गेल्या.

कयना. मी किल्ली लावली. 'य'चा 'ळ'. कळणा! एवढ्यात उलगडलं. पण उलगडल्यावर मी तशीच उभी राहिले. आमच्याकडे कळणा म्हणजे डाळ भरडल्यावर खाली राहतो तो चुरा आणि टरफलं. कोंडा-कळणा जनावरांचा. माणसांनी तो खाल्ल्याचं मी आईच्या तोंडून ऐकलं होतं, तेही तिने दार लावून सांगितलं होतं. आणि हे तर खाऊनपिऊन सुखी घर, तुपाची बरणी कायम भरलेली. मग मीच मनाची समजूत घातली. आबांना साखरेचा त्रास आहे, डॉक्टर हल्ली कोंड्याची भाकरी खा म्हणतात, तसं असेल. पेपरात येतं तसलं. आणि मोठ्या घरची माणसं काय खातात हे मला काय माहीत?

मागला डबा म्हणजे मागचा डबा. मागच्या पडवीत गेले. तिथे खरंच एक पत्र्याचा डबा होता, त्यात डाळीचा चुरा, टरफलं, सगळं एकत्र. कळणा. माझी किल्ली बरोबर होती.

त्याची भाकरी होत नव्हती, हे कोणीही ओळखलं असतं. पण मी मंगळवेढ्याची. दोनदा चाळलं, टरफलं पाखडून काढली, खलबत्त्यात कुटलं, फडक्यातून गाळलं. उकळतं पाणी घालून उकड काढली, बांधायला ओंजळभर ज्वारीचं पीठ घेतलं. परातीला न चिकटता थापली. तव्यावर टाकली तेव्हा कडा फाटल्या, त्या ओल्या बोटाने सांधल्या. तासभर घाम गाळून चार भाकऱ्या केल्या. आणि खरं सांगते, त्या चार भाकऱ्यांचा मला अभिमान वाटला. मनात म्हटलं, ही भाकरी करून दाखवणारी दुसरी बाई या गल्लीत नसेल.

आबांनी पहिला घास घेतला. चावला. चावतच राहिले. पाणी प्यायले, पुन्हा चावला.

"काय झाये?" जिजी म्हणाल्या. "दात दुखतस का?"

"दात बरा शेतस," आबा म्हणाले. "मी इचार करी ऱ्हायनू, आज म्हैसनी काय खादं व्हई?"

जिजींनी डाव्या हाताने तुकडा मोडला, नाकाशी नेला, जिभेवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. "हाई काय शे व?"

"कळणा," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात ना... मागच्या डब्यातला."

"कोनता मांगला डबा?"

मी पडवीकडे बोट दाखवलं.

आधी जिजींच्या पोटातून हसण्याचा एक आवाज आला, मग खांदे हलायला लागले. "मायव माय! चुनी! म्हैसनी चुनी शे ती!" त्या इतक्या हसल्या की प्लास्टरमधला हात दुखायला लागला, मग "हात, हात" म्हणत विव्हळत पुन्हा हसल्या. आबांनी ताट बाजूला सारलं आणि टोपी काढून डोळे पुसले. मला वाटलं, झालं, संपलं. उद्यापासून नको म्हणतील. मी पदर तोंडाला लावून उभी होते आणि रडू थांबत नव्हतं.

"रडानं तं म्हैसनी," जिजी म्हणाल्या, "तिनं जेवन गये. तू कसाले रडस?"

मग त्यांनी मला हाताला धरून फडताळापाशी नेलं. पिठाचे दोन डबे एकामागे एक ठेवलेले. मागला डबा म्हणजे हा मागला. झाकण काढून त्यांनी चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं. करडं, मऊ, नाकाला किंचित उडदाचा वास. कयना तो हा. कळणाच म्हणतात, माझी किल्ली खोटी नव्हती. शब्द तोच, इकडे त्याचा अर्थ निराळा, एवढंच. चार वाट्या ज्वारी आणि एक वाटी सालासकट काळे उडीद एकत्र दळून आणायचे, दळतानाच मीठ घालायचं. ज्वारीऐवजी बाजरीही चालते. उडदाने पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे उकळत्या पाण्याची गरज नाही, साध्या पाण्यात मळलं तरी भाकरी फाटत नाही. पाणी मात्र बेतानेच घालायचं, नाहीतर बोटांना डिंकासारखं बसतं. थापताना हाताखाली मऊ लागते, लहान मुलाच्या पाठीसारखी. गरम भाकरीवर कच्चं तेल सोडायचं, लसूण-मिरचीचा ठेचा, कांदा बुक्कीने फोडलेला. संपलं. तिला भाजीही लागत नाही, आणि वांग्याचं भरीत असलं तर मग माणसं बोलतच नाहीत.

आमच्यासारखी ती वाजत नाही. ती दुमडते. पहिल्या दिवशी मला ती कच्चीच वाटली होती.

त्यानंतर महिनाभर आबा ताटावर बसले की विचारायचे, "आज कोनं शे? आमनं का म्हैसनं?" आणि मी हळूहळू उत्तर द्यायला शिकले, "आज तुमचंच. म्हैस नको म्हणाली."

ते दिवस मला आठवतात ते पदार्थांवरून. डुबुकवड्यांचा दिवस: खोबरं, कांदा भाजून वाटलेला झणझणीत रस्सा उकळत ठेवायचा आणि बेसनाच्या सैल पिठाचे बोटांनी छोटे छोटे गोळे त्यात सोडायचे. पडताना डुबुक असा आवाज येतो म्हणून ते नाव. जिजी प्रत्येक वडीला "डुबुक" म्हणायच्या, लहान मुलीसारख्या. भरताचा दिवस: आबांनी शेतातून पांढरट हिरवी लांबडी वांगी आणली आणि अंगणात काड्यांवर भाजली, मी लाकडी खोलगट भांड्यात मिरची-लसूण ठेचला. एक दिवस मी माझ्याकडचं हुलग्याचं माडगं केलं, गूळ घालून. आबांनी दोन वाट्या घेतल्या, जिजी म्हणाल्या, "औषिध म्हनीसन बरं शे." दुसऱ्या दिवशी मी कळण्याच्या पिठात कांदा, तीळ, ओवा, कोथिंबीर घालून आमच्यासारखे धपाटे थापले, ओल्या फडक्यावर, मध्ये बोटाने भोकं पाडून. जिजींनी चार खाल्ले आणि काही बोलल्या नाहीत. जिजींचं न बोलणं हे मोठं प्रमाणपत्र होतं.

त्या घरात मांस-मच्छी शिजत नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या खोलीतही मी काही शिजवत नव्हते. एकट्यासाठी अंडं फोडणंसुद्धा जड जायचं. सकाळी अकरा वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता मला एका दारात जायचं आहे, एवढ्यावर माझा दिवस उभा राहायचा. सकाळी उठल्यावर अकरापर्यंतचे तास, मग अकरा ते एक, मग सहापर्यंतचे. दिवस मोजणं मला जड जाऊ लागलं, कारण प्लास्टरचे दिवस सरत होते. देवापुढे हात जोडले की मी काय मागायचे ते सांगायलाही लाज वाटते. जिजींचा हात बरा होऊ दे, पण सावकाश.

देवाने ऐकलं. माझी हीच गोष्ट नेमकी का ऐकली, कोण जाणे.

प्लास्टर काढायला शहाद्याला मीच त्यांच्याबरोबर गेले. आतला हात बारीक, पांढरा, कोणा दुसऱ्याचाच असल्यासारखा निघाला. बोटं आखडलेली. डॉक्टरांनी ती एकेक वाकवून बघितली, जिजी ओरडल्या. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता हात चालवा. गरम पाण्यात धरा, चेंडू दाबा. मग जिजी बाहेर गेल्यावर माझ्याकडे बघून हसले. "आणि सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे पीठ मळणं. यांनाच मळू द्या. दुखेल, तरी मळू द्या."

मी मान हलवली. मी ऐकलं होतं. शब्द न शब्द मला समजला होता, तो पुस्तकातल्या मराठीत होता.

दुसऱ्या दिवशी जिजी परातीपाशी येऊन बसल्या. पिठात हात घातला, पाणी ओतलं, एकदा दाबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी परात माझ्याकडे ओढली. "ऱ्हावू द्या जिजी. बसा तुम्ही. मी हाय न्हवं." माझं सोलापूरकडचं पहिल्यांदाच तोंडातून निघालं, इतक्या मायेने. जिजी बसल्या. किती बरं वाटलं त्यांना. मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्या परातीकडे बघत होत्या. "बसा तुम्ही."

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. पाटावर बसून राहिल्या, मी भाकऱ्या केल्या, आबा म्हणाले आमनं का म्हैसनं, सगळं तसंच चालू राहिलं. त्यांची वेणीही मी घालायला लागले. पातळाच्या निऱ्या मी धरायला लागले. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सून करणार नाही एवढं करते. ते ऐकून मला आतून गुदगुल्या व्हायच्या, आणि घरी आल्यावर गॅसचं बटण मी पाच-पाच वेळा बघायचे. मी काय करत होते ते मला माहीत होतं. माणूस आपल्याच हाताने कोणाचा हात अडकवून ठेवतो आणि वर त्याला सेवा म्हणतो.

असे तीन आठवडे गेले.

मग फुणक्यांचा दिवस आला. आबांना फुणके खावेसे वाटले. तुरीची डाळ रात्रभर भिजवायची, जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, कांदा, मीठ. मग मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करायचे आणि चाळणीत ठेवून वाफवायचे. मुठीतच दाबावे लागतात. गोळ्यावर चार बोटांचे चार वळ उमटले पाहिजेत, जिजींनीच मला सांगितलं होतं, वळ नसलेला फुणका फुणका नव्हे. गरम फुणका कुस्करून त्यावर तेल आणि वर पातळ कढी. सोपं काम. कोणीही करतं.

मी डाळ वाटून आणली आणि कढी बघायला वळले. मागे वळून पाहिलं तर जिजींनी स्वतःच मिश्रणात हात घातलेला. माझी पाठ असताना. एक गोळा उचलला, बोटं मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थांबली. गोळा मुठीतून निसटून ताटात फुटला. त्यांनी दुसरा घेतला. तोही फुटला. तिसरा त्यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं दाबून धरून केला, तरी वळ काही उमटेना.

त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं, आपल्याच घरात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

"हात गया मन्हा," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "देवनी तुले धाडं व माय. तू नही ऱ्हाती तं मन्हं काय व्हतं?"

फटकळ बाई कधी नाही ते गोड बोलली. मी कढीखालचा गॅस बंद केला. खाली बसले.

"जिजी, डॉक्टर तुम्हाला मळायला सांगत होते. दुखलं तरी. मीच मळू दिलं नाही."

त्यांनी बोटांना चिकटलेली डाळ ताटात निपटली.

"तुमचा हात बरा झाला की माझं काम संपलं असतं. मग मी कुठे आले असते? म्हणून."

मला वाटलं होतं त्या हसतील, चुनीच्या दिवसासारख्या. किंवा जवळ घेतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग आज काबर सांगस?"

मग आज का सांगतेस. मी उठून कढीखालचा गॅस पुन्हा पेटवला.

त्या दिवशीचे फुणके मीच केले, कारण आबा ताटावर बसले होते. जेवताना आबांनी दोघींकडे बघितलं आणि म्हशीचं काही विचारलं नाही. वाढून झाल्यावर मी निघाले तर जिजी मागून म्हणाल्या, "सकायले लवकर ये. पीठ मी मळसू."

सकाळी त्यांनी मळलं. एका भाकरीचं पीठ. मी समोर बसून होते, हात मांडीखाली दाबून, म्हणजे आपोआप पुढे जायला नकोत. त्या दाताखाली पदराचं टोक धरून मळत होत्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. मळून झाल्यावर घामाने चेहरा ओला झाला होता, आणि त्यांनी परात माझ्याकडे सरकवली, थापायला. दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्यांचं. चौथ्या दिवशी थापायलाही घेतलं. पहिली भाकरी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली, हे मी मनात म्हटलं. सातवीच्या भूगोलातलं तेवढंच आठवतं. ती भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली. "खाय. तुन्हा हातनी शे ती." तुझ्या हाताची आहे ती. टोमणा होता की काय होतं, मी खाल्ली. कडेला कच्ची होती. सगळी खाल्ली.

हळूहळू बोलणं पुन्हा सुरू झालं, मीठ कमी आहे, तेल जास्त आहे, इतपत. बोटं सैलावत गेली. आणि एका सोमवारी अकरा वाजता मी गेले तर टोपलीत सहा भाकऱ्या रचलेल्या, फडक्याने झाकलेल्या, गोल. जिजी हात धूत होत्या.

"आते मन्हं मी करी लिसू," त्या म्हणाल्या. "तू कितला दिन करशी?"

मी हो म्हटलं. बरं झालं म्हटलं. त्यांनी एका पिशवीत कळण्याचं पीठ बांधून दिलं, आबांनी ठरलेलं होतं ते दिलं, मी दोघांच्या पाया पडले. चांगली माणसं. मी आजही म्हणते, त्या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. आणि मी रस्ता ओलांडून खोलीत आले. रस्ता केवढा, बारा पावलांचा.

त्यानंतर आठ दिवस मी तिकडे गेले नाही. काम नसताना कोणाच्या दारात कसं जायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. काही मागायला जावं तर घरात सगळं होतं. काही द्यायला जावं तर त्यांच्या घरात सगळं होतं. अकरा वाजले की माझे हात पीठ मळायला लागायचे, आणि मी चार माणसांचं पाणी ओतायचे. खिडकीतून त्यांचं दार दिसायचं. गावाकडे फोन केला की मुलगी विचारायची, "तुझ्या जिजी काय म्हणतात?" मी म्हणायचे, बऱ्या आहेत.

हे डोंगरातून आले. मी कळण्याची भाकरी केली, वर तेल, ठेचा. यांनी तुकडा मोडला, लांबवला, परत मोडला. "ही वाजत न्हाई गं."

"वाजायची न्हाई. खावा."

खाल्ली. आणखी एक मागितली. मग म्हणाले, "आज समोर गेली न्हाईस?"

"काम संपलं. हात बरा झाला त्यांचा."

हे जेवत राहिले. "मग हात बरा झाला ते बघून तरी ये की," म्हणाले, आणि ठेचा पुढे ओढला. यांना फार बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जीपने वर गेले.

अकरा वाजले. मी साडी बदलली, मग वाटलं, साडी कशाला, मग पुन्हा तीच नेसले. हातात काहीतरी घ्यावं म्हणून शेंगाची चटणी वाटीत काढली, आणि परत डब्यात ओतली. चटणी घेऊन गेले असते तर वाटी परत न्यायला यायचं निमित्त झालं असतं. निमित्तं मी पुष्कळ केली होती. मोकळ्या हाताने दार लावून निघाले.

जिजी ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात सुपात तुरीच्या शेंगा, सोलत होत्या. उजव्या हातानेच. अंगठा आणि दोन बोटं चालत होती, करंगळी अजून वाकडीच. त्यांनी मान वर केली.

"काय व? काय काम शे?"

साधा प्रश्न. कोणीही कोणाला विचारतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं, शाळेत फळ्यापाशी बोलावल्यावर व्हायचं तसं. पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना.

"काम नही," मी म्हटलं. "बठाले उनू."

बसायला आले, एवढंच म्हणायचं होतं; बरोबर बोलले की चूक, कोण जाणे. जिजींच्या तोंडावरची एक सुरकुती हलल्यासारखी वाटली. त्यांनी पाय जरा जवळ घेतले आणि ओट्यावर जागा झाली.

मी बसले. शेंगा फुटत होत्या. मला राहवेना, माझा हात आपोआप सुपाकडे गेला. जिजींनी सूप उचललं आणि पलीकडच्या बाजूला ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बठाले उनी ना? मंग बठ."

मी हात मांडीवर घेतले. ते कुठे ठेवायचे ते मला समजत नव्हतं, पण ठेवले.